चौथी बाटली

सिदोनी रूवेर आमच्या खानावळीच्या समोरच्या घरात राहायची. घर तिच्या भावाचं, रेजिसचं. म्हणजे वडिलांच्या मागे ते त्याच्या नावावर झालं. तिने आपला वाटा त्यातच राहू दिला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. आई रेजिसच्या बाळंतपणात गेली, तेव्हा सिदोनी शाळकरी पोर होती. त्या तान्ह्या जिवाला तिने शेळीचं दूध बोटाने चाटवून जगवलं, असं गावातली म्हातारी माणसं सांगायची. तिला मागणी घालायला एक-दोघे आले होते. प्रत्येकाला ती म्हणाली, "पोरगं शाळेत तर जाऊ दे आधी." मग पोरगं शाळेत गेलं, सैन्यात जाऊन आलं, पॉलेतला बायको करून घेऊन आलं, आणि सिदोनी त्याच घरात माडीवरच्या खोलीत राहिली.

त्यांची बाग गावातल्या सगळ्यांच्या बागांसारखीच, रोन नदीवरच्या उभ्या चढावर. ग्रॅनाइटच्या दगडांचे बांध, बांधांमागे अरुंद पट्ट्या, एकेका वेलाला एकेक मेढ, आणि नांगराला वळायला जागा नाही म्हणून सगळं काम हाताने आणि पाठीने. द्राक्ष एकच, सीरा. काळं, जाड सालीचं. आमच्याकडे लाल वाईनसाठी दुसरं द्राक्ष कोणी लावत नाही, आणि लावलं तर लोक त्याच्याशी बोलायचे नाहीत.

सिदोनीचं नाक दिसायला साधंच होतं, पण गावात त्याला मान होता. नवी वाईन पिंपातून काढायची वेळ आली की माणसं पेला रुमालाने झाकून तिच्याकडे यायची. ती इतरांसारखी पेला गरागरा फिरवायची नाही. त्याच्यावर हाताचा तळवा ठेवून जरा वेळ गप्प उभी राहायची, मग तळवा उचलून एकदाच वास घ्यायची. "अजून झोपेत आहे, उन्हाळ्यापर्यंत हात लावू नकोस," असं काहीतरी म्हणायची. किंवा, "हे पिंप मागच्या खेपेला धुतलं होतंस का रे नीट?" तो माणूस चरफडत म्हणायचा, "माझ्या तळघरात लपून बसतेस की काय, सिदोनी?" आणि घरी जाऊन पिंप धुवायचा. वाईट आहे ते वाईट म्हणायची, पण तिच्या बोलण्याचा राग कोणी धरत नसे, कारण चांगल्याला चांगलं म्हणतानाही ती हात आखडत नसे.

त्याच सुमारास गावाचं नाव बाटलीवर लावायचं तर आधी पंचांनी चव पाहून पास करायची, असा नियम नवा नवा लागू झाला. पंच पाच होते. बागायतदार संघाचा अध्यक्ष एली शाबानेल, माझा नवरा ओगुस्त, तुर्नों शहरातला एक वाईनचा दलाल, वरच्या आळीतला एक बागायतदार, आणि पाचवी सिदोनी. तिचं नाव शाबानेलनेच सुचवलं. हॅट हातात धरून तो स्वतः त्यांच्या घरी गेला, आणि रेजिसच्या देखत म्हणाला, "गावाचं नाक बाहेर ठेवून गावाची वाईन कशी तपासायची?" सिदोनीने त्या कामासाठी राखाडी रंगाचा नवा कोट शिवून घेतला. मी तिला त्याआधी नवीन काही शिवताना पाहिलं नव्हतं.

शाबानेल तेव्हा सगळ्यांचा आवडता होता. भरदार आवाज, प्रत्येक लग्नात भाषण, प्रत्येक मयताला पुढे. त्याने जन्मात कोणाशी वैर घेतलं नाही. कोणी दोघे भांडत असले की त्या दोघांनाही वाटायचं, शाबानेल आपल्या बाजूचा आहे.

चव पाहायचं काम आमच्या खानावळीच्या माडीवर चालायचं. ती खोली थंड असते, चुलीचा वास तिथवर जात नाही. बाटल्यांना लोकरीचे मोजे चढवलेले असायचे, म्हणजे कोणाची कोणती ते दिसू नये. ते मोजे मीच विणले होते. मोज्यावर क्रमांक, आणि कोणता क्रमांक कोणाचा ते एकट्या शाबानेलला ठाऊक. आणखी दोन नियम होते. खोलीत बोललेलं खोलीतच राहायचं. आणि ज्या पंचाच्या घरची बाटली असेल त्याने तेवढा वेळ बाहेर जायचं. सिदोनी हे नियम देवळातल्यासारखे पाळायची. आदल्या दिवसापासून लसूण नाही, कॉफी नाही, वासाचा साबण नाही. पहिली दोन वर्षं रेजिसची बाटली आली की शाबानेल म्हणायचा, "सिदोनी, जा, मादाम ब्लाशला मदत कर जरा." मग ती खाली माझ्या स्वयंपाकघरात येऊन बटाटे सोलायची. वर काय चाललं असेल, असं तोंडातून काढायची नाही. मीच एकदा म्हटलं, "धाकधूक होत नाही का गं?" तर म्हणाली, "वाईन चांगली आहे. मला माहीत आहे ना, पिंपं मीच भरते."

हे खरं होतं. हिवाळाभर पिंपातली वाईन लाकडात मुरून खाली जाते, वर हवा साचते, म्हणून अधूनमधून वरून भर घालावी लागते. ते काम रूवेरांच्या घरी कायम सिदोनीचं. पण तिसऱ्या हिवाळ्यात ती बांधाच्या पायऱ्यांवर दवबर्फावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. तळघराची शिडी तिला उतरता येईना. रेजिस म्हणाला, "तू बस गं शांत. मी बघतो पिंपांचं." त्या हिवाळ्यात तो नवीन शेड बांधायच्या मागे होता, दिवसभर सिमेंट आणि पत्रे. पिंपांचं त्याने किती बघितलं ते त्यालाच माहीत.

मार्चमध्ये पंच बसायचे होते. आदल्या रविवारी सिदोनीने त्याला विचारलं, "या वेळेला तुझी बाटली आहे का? म्हणजे मला बाहेर जायला लागेल."

"नाही," रेजिस म्हणाला. "मी मे महिन्यात देणार आहे. अजून तयार नाही वाटत."

त्यामुळे सिदोनी निर्धास्तपणे राखाडी कोट घालून आमच्या जिन्याने वर गेली. प्लास्टर निघालं होतं, हात अजून जरा आखडलेला होता. वर काय झालं ते मला ओगुस्तने सांगितलं, पण फार नंतर.

इतर वेळी शाबानेल स्वतः आधी बोलायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "आज सिदोनी सुरुवात करेल. आम्ही सगळे तुझ्या नाकामागे." ती हसली. पहिल्या बाटलीला ती म्हणाली, कोवळी आहे पण सरळ आहे, काळी मिरी आहे, रानफळं आहेत, वाढेल. दुसरीला म्हणाली, द्राक्ष घाईने तोडलं, पण दोष नाही. तिसरी तिला फार आवडली. ऑलिव्हचा आणि धुरावर टांगलेल्या मांसाचा वास आहे म्हणाली, ज्याची असेल त्याचं अभिनंदन करा. तिन्ही पास झाल्या.

चौथ्या पेल्यावर तिने तळवा ठेवला, उचलला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही आंबली आहे," ती म्हणाली.

"आंबली म्हणजे?" शाबानेलने विचारलं.

"म्हणजे व्हिनेगारच्या वाटेला लागली आहे. वरती नेलपॉलिशसारखा वास येतोय, बघा ना. कोणीतरी पिंप भरून ठेवलेलं नाही. वर हवा राहिली."

"थोडंसंच असेल गं. थंडीत सगळ्याच वाईन अशा आखडतात."

"आखडलेली वेगळी आणि आंबलेली वेगळी, एली."

"पुन्हा बघ. घाई करू नकोस. नीट बघ, तुझ्या ओळखीची वाटते का?"

"ओळखीची?"

"म्हणजे... चांगल्या बागेतली वाटते ना, असं म्हणतो मी."

सिदोनीने पुन्हा पेला उचलला. या वेळी तिने घोट तोंडात बराच वेळ धरला. ओगुस्त म्हणतो, कोणी मागून हाक मारल्यावर माणूस थबकतो तसा तिचा चेहरा झाला. मग तिने घोट भुशाच्या बादलीत थुंकला, तोंड पुसलं.

"बाग चांगली आहे," ती म्हणाली. "फार चांगली आहे. म्हणूनच वाईट वाटतं. पण हिला नाव देता येणार नाही."

दलालाने मान डोलावली. त्यालाही तो वास आलाच होता, फक्त आधी कोणी बोलतंय का याची तो वाट पाहत होता. वरच्या आळीतल्या माणसाने हात वर केला, ओगुस्तने केला, आणि सगळ्यात शेवटी, खिडकीबाहेर बघत, शाबानेलनेही केला.

त्यानंतरच्या जेवणाला सिदोनी पंगतीत बसली नाही. खाली माझ्याकडे आली, नुसतं गरम सूप मागितलं, आणि वाटी हातात धरून चुलीशी उभी राहिली. मी विचारलं, बरं नाही का. "मनगट दुखतंय," ती म्हणाली आणि घरी गेली.

नंतरच्या आठवड्यात रेजिसला कळवण्यात आलं की त्याची वाईन नापास झाली. गावाचं नाव लावता येणार नाही, साधी लाल वाईन म्हणून कॅनमध्ये विकावी लागेल. तो तडक शाबानेलकडे गेला. शाबानेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला म्हणे. "मी तर सोडणार होतो रे," म्हणाला. "पण तुझी बहीण हट्टालाच पेटली. तिच्यापुढे आमचं काय चालतं?"

त्या रात्रीच्या जेवणाला त्यांच्या खिडक्या बंद होत्या, तरी रेजिसचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

"वर्षाची मेहनत गेली माझी! आणि कोणामुळे? परक्यामुळे नाही, घरातल्या माणसामुळे!"

सिदोनीचा आवाज हळू होता. तो मला ऐकू आला नाही.

"ओळखली नाहीस? इतकी वर्षं माझ्या तळघरातलं पितेस, आणि ओळखली नाहीस? मग कसलं डोंबलाचं नाक तुझं! आणि ओळखूनही बोलली असशील तर मग... मग मी काय म्हणायचं तुला? अख्ख्या गावात आमचंच नाक कापायला बसली होतीस तिथे?"

मग ती काहीतरी म्हणाली आणि एकदम शांतता झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीत पाव न्यायला आली तेव्हा तिने मला सांगितलं, ती काय म्हणाली होती ते. "मी म्हटलं, तू तर मे महिन्यात देणार होतास. त्यावर तो ताटात बघत बसला."

"देण्याचं ऐन वेळी ठरलं असेल," मी म्हटलं.

"असेल. पण शाबानेलला तर माहीत होतं ना कोणाची आहे ती? मग मला खाली का पाठवलं नाही? मला वाटलं, पाठवलं नाही म्हणजे आपल्या घरची नाही." पाव तसाच हातात धरून ती उभी राहिली. "आणि खोलीतलं रेजिसला कोणी सांगितलं? मी तर घरी एक अक्षर बोलले नव्हते. जीभ चावून गप्प बसले होते."

मी म्हटलं, विसरला असेल शाबानेल, वय झालंय. तिने मान हलवली. तेच खरं असावं, असं तिलाही वाटत होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर पुरुषमंडळी आमच्याकडे जमतात. शाबानेल गल्ल्याजवळ पांढऱ्या वाईनचा पेला घेऊन उभा होता, दलाल होता, रेजिस कोपऱ्यातल्या टेबलाशी, पाठ भिंतीला लावून. ओगुस्त आणि मी आत-बाहेर करत होतो. सिदोनी आली. बायका सहसा त्या वेळी येत नाहीत, त्यामुळे आवाज आपोआप खाली आला.

"एली, एक विचारायचं होतं."

"एक कशाला, दोन विचार!" शाबानेल म्हणाला. दोघे-तिघे हसले.

"त्या दिवशी मला खाली का पाठवलं नाहीस?"

"अगं, गडबडीत राहून गेलं. माणूसच आहे मी."

"क्रमांक तूच लावतोस. आपल्यात एकट्या तुलाच माहीत असतं."

"राहून गेलं म्हणतोय ना, बाई. आता काय कान पकडू?"

"आणि रेजिसला सांगितलंस की तू पास करणार होतास, मी हट्ट धरला."

"मी म्हटलंच होतं थोडंसं आहे म्हणून! ओगुस्त, म्हटलं होतं की नाही मी?"

माझा नवरा आधीच स्वच्छ असलेला पेला पुसत होता. "म्हटलं होतंस," तो म्हणाला. हे खरंच होतं. पण तेवढंच सांगून तो थांबला, आणि दलाल आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"हात तूही वर केलास, एली," सिदोनी म्हणाली.

"बहुमतापुढे मी बापडा काय करणार?"

पुन्हा हसू आलं. तेवढ्यात रेजिसने पेला टेबलावर आपटला.

"पुरे झालं, सिदोनी! इथे तमाशा नको. एलीच्या अंगावर कशाला जातेस? त्याने त्याचं काम चोख केलं. तुला तिथे बसवून ठेवायचं एवढंच आमचं ठरलं होतं, ते त्याने केलं. माती तू खाल्लीस!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, काय बोललो ते. शाबानेल हळूच म्हणाला, "रेजिस..."

"आमचं?" सिदोनी म्हणाली.

ती कोड्याचे तुकडे जुळवत असल्यासारखी सावकाश बोलत होती, आवाज चढवल्याशिवाय.

"म्हणजे तुला माहीत होतं. पिंप आंबलंय ते तुला आधीच माहीत होतं. म्हणून मला मे महिना सांगितलास. मी बाहेर जायला नको. मी ओळखीन, आणि भावाची आहे म्हणून चांगली म्हणेन."

रेजिसची मान लाल झाली होती. शाबानेल पुढे झाला. "अगं, कोणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हतं ते. तुझ्या शब्दाला वजन आहे. तू चांगली म्हटलं असतंस तर वर कोणी बोललं नसतं. एका घराचं भलं झालं असतं, बस."

"आणि पुढे कोणी विचारलं असतं तर? रूवेरांच्या सिदोनीने भावाची आंबलेली वाईन पास केली, असंच म्हटलं असतं सगळ्यांनी. तुझं नाव कुठे आलं असतं, एली?"

शाबानेलने हात पसरले, जणू हे सगळं आभाळातून पडलंय. सिदोनीने कोटाची बटणं लावली. आखडलेल्या हाताने वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "माझे बूट आणि कपडे पॉलेतच्या हाती इकडे पाठवून द्या."

मला वाटलं, रेजिस आणि शाबानेल दोघांना मिळून म्हणाली. पण ती रेजिसकडे बघत होती, एकट्या रेजिसकडे. ज्याला बोटाने दूध चाटवलं त्याला ती 'द्या' म्हणाली होती.

थोडे दिवस ती आमच्या मागच्या खोलीत राहिली. तिने पंचाचं काम सोडलं. शाबानेलने संघाच्या बैठकीत तिच्या सेवेबद्दल असं सुंदर भाषण केलं की काही जणांचे डोळे ओले झाले. मे महिन्यात रेजिसची तीच वाईन पुन्हा तपासायला आली. सिदोनीच्या जागी शाबानेलचा मावसभाऊ होता. वाईन पास झाली. गावाचं नाव लावून ती ल्यों शहरातल्या खानावळींमध्ये गेली, लोकांनी ती रश्शातल्या मांसाबरोबर प्यायली, आणि एकही बाटली परत आली नाही. गावाने यावरून आपला निकाल लावला. बायका माझ्याकडे पाव घेताना म्हणायच्या, "बघा, एवढं काही नव्हतं. उगीच भावावर उलटली." त्यातल्या एकीने दोन वर्षांपूर्वी तिचंच ऐकून आपली पिंपं वाचवली होती. ओगुस्तशी मी त्या उन्हाळ्यात फार बोलले नाही. तो म्हणायचा, "मी खोटं कुठे बोललो?" नव्हता बोलला.

सप्टेंबरमध्ये, द्राक्षतोडणीच्या ऐन गडबडीत, सिदोनी वरच्या पठारावर चुलत बहिणीकडे निघून गेली. तिथे थंडी एवढी की वेल जगत नाही. शेळ्या, चेस्टनटची झाडं आणि वारा. बहिणीला शेळ्यांच्या मागे एक माणूस हवंच होतं.

हिवाळ्याआधी मी बसने तिला भेटायला गेले. जाताना कॉफी आणि लोणी नेलं, बाटली नेली नाही. ती फडक्यातून दही गाळत होती, चीज करायला. हात पूर्ण बरा झाला होता. बहीण बाहेर गेल्यावर मी न राहवून विचारलं, "सिदोनी, तू ओळखली होतीस का गं?"

"पहिल्यांदा नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदा नुसता तो आंबट वास, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा तोंडात धरली तेव्हा खालून ती आली. आमच्या वरच्या बांधाची. तिथली जांभळ्या रानफुलांसारखी येते, आणि मागे ओल्या दगडासारखं काहीतरी. बाबांनी लावलेले वेल आहेत ते. दुसऱ्या कोणाची तशी येतच नाही."

"मग?"

"मग काय? आंबली होती ती होतीच ना. ओळखली म्हणून तिचा आंबटपणा गेला का?" तिने फडकं पिळलं. "खरं सांगू, मला वाटलं, रेजिसला बिचाऱ्याला पत्ताच नसेल. शेडच्या नादात होता. तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात चाललं होतं, खोलीतलं न सांगता त्याला कसं सुचवावं, की हे एक पिंप बाजूला काढ, बाकीची वाचतील. आठवडाभर तोच विचार करत होते मी. रोज जेवताना. आणि तो समोर बसून माझ्याकडून दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होता."

एवढं बोलून ती उठली आणि शेळ्यांना आत घ्यायला गेली.

रेजिसला स्वतःहून तिकडे जायला पुढचं वर्ष उलटावं लागलं. त्या साली सीरा अशी पिकली की म्हातारी माणसंही जुन्या सालांचं कौतुक सांगायची थांबली होती. पिंपं त्याने स्वतः भरली, तीही वेळच्या वेळी. पॉलेत मला सांगायची, आता घड्याळ लावून उतरतो तळघरात. वसंतात एके दिवशी तो खानावळीत आला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "मादाम ब्लाश, तुम्ही पठारावर येता का माझ्याबरोबर? गाडी आहे."

"एकट्याने जा की."

"तुम्ही असलात तर ती दार तरी उघडेल."

तिने दार उघडलं. आम्हाला बसवलं, कॉफी दिली, पॉलेतची चौकशी केली. मला नेहमीसारखंच 'तुम्ही' म्हणत होती, आणि त्यालाही 'तुम्ही'. रेजिसने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग त्याने पिशवीतून बाटली काढली. लेबल नव्हतं.

"नवी आहे," तो म्हणाला. "म्हटलं, तू बघावीस. पास करून घ्यायला नव्हे. असंच."

तिने कपाटातून तीन पेले काढले. मला दिला, त्याला दिला. स्वतःच्या पेल्यावर सवयीने तळवा ठेवला, आणि तसाच ठेवून खूप वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग वास घेतला, घोट घेतला. तिचे डोळे मिटले. मी तिला पूर्वी शंभर वेळा चाखताना पाहिलं होतं. त्या पेल्यात काय काय आहे ते तिला सगळं, शेवटच्या दगडापर्यंत कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. रेजिस खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला होता.

"चांगली आहे," सिदोनी म्हणाली.

"चांगली म्हणजे कशी?"

"चांगली."

"सिदोनी, नीट सांग ना. काही कमी असेल तर सांग. शिव्या घाल हवं तर. वरच्या बांधाची जास्त घेतलीय मी या वेळी, ते जाणवतं का? लाकूड फार झालंय का? काहीतरी बोल."

"चांगली आहे म्हटलं ना." तिने उरलेला पेला सावकाश पिऊन संपवला, थुंकला नाही, सांडला नाही. मग उठून तो विसळायला घेतला. "तुम्ही जेवून जाणार का? म्हणजे बटाटे जास्त टाकते."

"नको," रेजिस म्हणाला.

बाटली त्याने टेबलावरच ठेवली. तिने आम्हाला फाटकापर्यंत सोडलं, मला कवटाळलं, त्याच्याशी हात मिळवला.

ती शेवटपर्यंत पठारावरच राहिली. गावात आली ती दोनदा, दोन्ही वेळा मयताला. एकदा शाबानेलच्या, जो अध्यक्ष असतानाच गेला आणि ज्याच्यासाठी दुकानं बंद राहिली. कोणी तिच्या पुढे पेला धरला की ती घ्यायची, आणि सगळ्यांना एकच सांगायची.

ती बाटली देऊन आलो त्या दिवशी परत येताना रेजिस गाडी चालवत होता. पठार उतरून रस्ता जिथे शेवटचं वळण घेतो, जिथून नदी आणि आपल्या बागा एकदम समोर येतात, तिथे त्याने गाडी थांबवली.

"वाईन खरंच चांगली आहे ना, मादाम ब्लाश?"

मला त्यातलं फारसं कळत नाही, पण ती वाईन माझ्या तोंडात अजून होती. "फार चांगली आहे, रेजिस," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणून काय उपयोग," तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.